खंड कशाचा?

इंग्रजीतील 'डिसकंटिन्युइटी' हे नाम आपल्या विद्यार्थ्यांना निदान तीन विषयांत भेटते. शाळेत केव्हातरी भूगोलात ते पृथ्वीच्या अंतरंगाबरोबर येते. अकरावी-बारावीच्या गणितात ते फलाच्या, म्हणजे विद्यार्थी ज्याला फंक्शन म्हणतात त्याच्या, सांतत्याबरोबर येते. पुढे भूशास्त्र घेतले तर दर दोन पानांआड येते. मराठीत मात्र त्याचे प्रत्येक वेळी नवे नामकरण झालेले आहे. गणितात 'असांतत्य', भूगोलात 'विलगता', भूशास्त्राच्या लेखनात कुठे 'विसंगती' तर कुठे 'भंग', आणि बोलण्यात सरसकट 'गॅप'. एका शब्दाला अनेक प्रतिशब्द असण्यात काही वावगे नाही. आमची तक्रार वेगळी आहे. यांपैकी काही शब्द विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर चुकीचे चित्र उभे करतात, आणि ते चित्र परीक्षेनंतरही पुसले जात नाही. लातूर-नांदेड भागात तर या चित्राची किंमत केवळ गुणांत मोजण्यासारखी नाही. हा लेख त्या तक्रारीचा खुलासा आहे.

विलगतेत विलग काय आहे?

पृथ्वीचे कवच आणि त्याखालील प्रावरण यांच्यामधील सीमेला शालेय भूगोलात 'मोहो विलगता' म्हणतात. प्रावरण आणि गाभा यांच्यामधील सीमेला 'गटेनबर्ग विलगता'. आता 'विलग' हा शब्द मुलांना नवा नाही. विलग म्हणजे सुटे, वेगळे केलेले, एकमेकांपासून दूर असलेले. २०२० साली तर 'विलगीकरण कक्ष' हा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोहोचला आणि त्याचा अर्थ सर्वांनी अनुभवाने शिकला: मधे अंतर ठेवणे. असा विद्यार्थी 'मोहो विलगता' वाचतो तेव्हा त्याला काय दिसावे? कवच वर, प्रावरण खाली आणि मधे एक फट. पाठ्यपुस्तकातील आकृतीत दोन रंगांच्या मधे जाड काळी रेघ असतेच. ती रेघ म्हणजेच ती फट, असा समज व्हायला फारसे काही लागत नाही.

प्रत्यक्षात तेथे फट नाही. हे सिद्ध करायला खोल खणावे लागत नाही. ज्या निरीक्षणातून ही सीमा सापडली ते निरीक्षणच पुरेसे आहे. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात झाग्रेब शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर भूकंप झाला. झाग्रेबच्या वेधशाळेतील आंद्रिया मोहोरोविचिच यांनी युरोपातील अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांना असे दिसले की काही अंतरावरच्या केंद्रांत प्राथमिक लहरींची एक जोडी पोहोचते: एक लवकर, एक उशिरा. एकाच धक्क्याच्या एकाच प्रकारच्या लहरी दोनदा कशा येतील? त्यांचा निष्कर्ष असा की काही लहरी वरच्या थरातून सरळ आल्या, तर काही खाली जाऊन अधिक वेगवान खडकातून प्रवास करून पुन्हा वर आल्या. खालची वाट लांबची असूनही वेगाची. गावातल्या रस्त्याने जाणाऱ्यापेक्षा वळसा घेऊन महामार्गाने जाणारा आधी पोहोचतो, तसाच हा प्रकार. कवचाच्या खालच्या भागात प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सहा ते सात किलोमीटर असतो, तर सीमेखाली तो एकदम आठच्या घरात जातो. दख्खनच्या पठाराखाली ही सीमा साधारण ३५ ते ४० किलोमीटर खोलीवर आहे.

या हकिगतीतच विलगतेला उत्तर आहे. कवच आणि प्रावरण यांच्यामधे खरोखरच मोकळी जागा असती, तर खाली गेलेल्या लहरी प्रावरणात शिरल्याच नसत्या. लहरींना पुढे सरकायला खडकाला खडक टेकलेला असावा लागतो. मोहोरोविचिच यांना दुसरी लहर मिळाली, याचाच अर्थ वरचा आणि खालचा खडक एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत. पदार्थ सलग आहे. सलग नाही तो वेग. वेगाचे मूल्य खोलीबरोबर हळूहळू वाढत असताना एका ठिकाणी एकदम उडी घेते. त्या उडीला 'डिसकंटिन्युइटी' म्हणतात.

गणिताच्या शिक्षकांना हे लगेच ओळखीचे वाटेल. एस.टी.चे भाडे टप्प्याने आकारतात आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. लातूरहून नांदेडकडे जाताना भाड्याचा आलेख काढला तर तो पायऱ्यापायऱ्यांचा येईल. सहाव्या किलोमीटरपर्यंत एक भाडे, तो ओलांडला की एकदम पुढचे. तेथे भाड्याचे सांतत्य तुटते. पण म्हणून सहाव्या किलोमीटरला रस्ता तुटलेला नसतो, गाडी खड्ड्यात जात नाही. रस्ता सलग, भाडे खंडित. मोहो सीमा ही अशीच आहे. 'भाड्यात उडी' म्हणण्याऐवजी 'रस्त्याची विलगता' म्हटले तर प्रवाशाने घाबरावे हे योग्यच.

शेतकरी आणि कारकून यांचे शब्द

मराठीला ही कल्पना पेलत नाही, असे मात्र नाही. ती ग्रंथांबाहेर फार चांगली पेलली गेली आहे. मराठवाड्यातला कोणताही शेतकरी 'पावसात खंड पडला' म्हणतो. या तीन शब्दांच्या वाक्यात सगळे आहे. कशात खंड? पावसात. पावसाळा संपलेला नाही, हंगाम चालू आहे, ढगही असू शकतात, पाऊस तेवढा थांबला आहे. शिवाय 'खंड' म्हणताना अलीकडे पाऊस होता आणि पलीकडे तो पुन्हा येईल, हे गृहीत आहे. परत न येणाऱ्या पावसाला कोणी खंड म्हणत नाही, 'पाऊस गेला' असे म्हणतात.

हाच शब्द पैशाच्या व्यवहारात आला की त्याला मोजमाप लागते. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरातील नोंदींनुसार १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या खरिपात पीकविम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम देण्यासाठी महाराष्ट्रात 'पावसात २१ दिवसांहून अधिक खंड' हा निकष चर्चेत राहिला. आता प्रश्न सुरू होतात. खंड म्हणजे अजिबात थेंब नाही असा दिवस, की अमुक मिलिमीटरपेक्षा कमी? हवामानखाते २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच त्याला पावसाचा दिवस धरते. अकराव्या दिवशी तीन मिलिमीटरची सर आली तर सोयाबीनच्या मुळाशी काहीही पोहोचत नाही, पण कागदावर खंड तुटतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पाऊस मोजणारे यंत्र गावात आहे की मंडळाच्या ठिकाणी, यावरही उत्तर बदलते. पावसाचा खंड आणि जमिनीतल्या ओलाव्याचा खंड हे दोन वेगळे खंड आहेत. पिकाला दुसऱ्याशी मतलब असतो, निकष पहिल्यावर लावलेला असतो.

शिक्षकांना तर 'सेवाखंड' हा शब्द समजावून सांगण्याची गरजच नाही. शिक्षक शाळेत येतो, फळ्यावर लिहितो, मुले तीच, वर्ग तोच. मधे एका दिवसाचा 'तांत्रिक खंड' दाखवला की कागदावरची सेवा सलग राहत नाही. येथे कामाचे सांतत्य अबाधित आहे, तुटले आहे ते नेमणुकीचे. आणि 'सेवाखंड क्षमापित करण्यात येत आहे' असा आदेश निघाला की तो खंड मागच्या तारखेपासून नाहीसा होतो. गणितात काही असांतत्ये अशी असतात की फलाचे एका बिंदूवरचे मूल्य नीट ठरवून दिले की ती दूर होतात. त्याचे उदाहरण शोधायला आपल्याला सेवापुस्तकाबाहेर जावे लागत नाही. तसेच लातूर आणि नांदेडच्या शिकवणीवर्गांच्या गल्ल्यांत 'गॅप सर्टिफिकेट' हा शब्द पालकांच्या तोंडी असतो. एक वर्ष पुन्हा नीटची तयारी करणाऱ्या मुलाचा प्रवेशात खंड असतो. अभ्यासात मुळीच नसतो, उलट त्या वर्षी तो सर्वांत जास्त अभ्यास करतो.

या साऱ्या उदाहरणांतून एक साधा नियम निघतो. 'डिसकंटिन्युइटी' हे नाम एकटे उभे राहत नाही. त्याच्यामागे षष्ठी लागते: पावसाचा खंड, सेवेचा खंड, भाड्याचा, वेगाचा. ज्या वाक्यात ही षष्ठी नाही, त्या वाक्यात अजून काही सांगितलेलेच नाही. त्यानंतर आणखी दोन प्रश्न येतात: तो खंड नेमका कुठे आहे, आणि उडी केवढी आहे? 'मोहो विलगता' या शब्दजोडीत शोधकर्त्याच्या नावाचा आद्यभाग आहे, षष्ठी नाही. आमचा आक्षेप तेथेच आहे.

लातूरच्या पायाखालचे खंड

हा नियम घेऊन आपल्याच जमिनीखाली उतरू. किल्लारीच्या भूकंपानंतर त्या परिसरात संशोधनासाठी ६१७ मीटर खोलीचे बोअर घेण्यात आले. वरचा ३३८ मीटरचा भाग लाव्हाच्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा निघाला. त्याखाली अवघा आठ मीटर गाळाचा थर. आणि त्याच्याखाली एकदम अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस जातीचा खडक. वरचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खालचा खडक २५० कोटी वर्षांहून जुना. म्हणजे आठ मीटरच्या अंतरात जवळजवळ २४० कोटी वर्षे सामावलेली आहेत, किंवा अधिक बरोबर सांगायचे तर गहाळ आहेत. त्या काळात तेथे काही घडलेच नाही असे नव्हे. थर साचले असतील, झिजून वाहूनही गेले असतील. नोंद राहिली नाही.

हा झाला काळाचा खंड. भूशास्त्रीय मराठीत याला 'विसंगती' म्हटलेले आढळते. बोलीत विसंगती म्हणजे बोलण्यात आणि वागण्यात मेळ नसणे. विद्यार्थ्याला वाटते की या दोन खडकांचे काहीतरी बिनसले आहे किंवा मोजणाऱ्याची चूक झाली आहे. वस्तुतः ही चूक नसून नोंदवहीची फाटलेली पाने आहेत. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे १७८८ साली जेम्स हटन यांनी उभ्या थरांवर आडवे थर टेकलेले पाहिले आणि पृथ्वीचे वय काही हजार वर्षांत मावणारे नाही हे त्यांच्या लक्षात आले. फाटलेली पाने मोजल्यावरच वहीची जाडी कळली. आपल्याकडे त्यासाठी स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही. नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे लाव्हाचे आवरण संपत जाते आणि देगलूर, बिलोली, किनवट या भागांत तोच प्राचीन खडक उघडा पडलेला आहे. लातूरला जो खडक पाव किलोमीटरहून अधिक खोल आहे, तो तेथे हाताला लागतो. सहलीला गेलेल्या वर्गाने सकाळी काळ्या कातळावर हात ठेवावा आणि दुपारी देगलूरजवळच्या दाणेदार, फिकट खडकावर. या दोन स्पर्शांच्या मधे २४० कोटी वर्षे आहेत. जमीन मात्र सलग आहे. वाटेत कोठेही फट ओलांडावी लागत नाही.

दुसरा खंड स्थानाचा. खडकाचे दोन भाग एका प्रतलावरून एकमेकांच्या विरुद्ध सरकतात, तेव्हा पूर्वी शेजारी असलेले दोन बिंदू शेजारी राहत नाहीत. याला आपल्या भूगोलात 'प्रस्तरभंग' हा चांगला शब्द आहे. भंग कशाचा, हे त्यात सांगितलेले आहे. येथेही दोन्ही बाजू एकमेकींवर दाबलेल्याच असतात. मधे दरी नसते. किंबहुना दाब असतो म्हणूनच ताण साठतो आणि एकदम सुटतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपलेली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी हाच प्रकार घडला. भूकंपाची तीव्रता ६.२ होती आणि केंद्र उथळ होते. वृत्तपत्रांत आणि बोलण्यात 'धरणी दुभंगली' हा शब्दप्रयोग सर्वत्र झाला. खाली ज्वालामुखी आहे, जमीन आणखी फाटणार आहे, अशीही बोलणी त्या काळात पसरली. जमिनीवर प्रत्यक्ष दिसलेला भंग मात्र किल्लारीजवळच्या शेतांत तुटक तुटक, फार तर किलोमीटरभर लांबीचा आणि एक मीटरच्या आतल्या उंचीचा होता. त्या भंगात कोणतेही गाव गडप झाले नाही. आणि तरीही, निरनिराळ्या नोंदींनुसार, आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

खरी विलगता भिंतीत होती

मग ही माणसे कशामुळे गेली? याचे उत्तर जमिनीच्या वर आहे. त्या भागातील जुन्या घरांच्या भिंती दोन ते चार फूट जाडीच्या दगडमातीच्या होत्या. जाडी पाहून त्या भक्कम वाटत. पण त्या एक भिंत नव्हत्या. बाहेरून नीट बसवलेल्या दगडांचा एक पापुद्रा, आतून दुसरा, आणि मधे लहान दगड व चिखलाची भर, अशी त्यांची रचना होती. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारे आरपार दगड नव्हते किंवा फार थोडे होते. कोपऱ्यांत आडवी भिंत उभ्या भिंतीत गुंफलेली नव्हती. वर माळवद: लाकडावर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ही माती अनेक टन वजनाची असते.

जमीन आडवी हलली तेव्हा पापुद्रे एकमेकांपासून सुटले, भिंती पोटातून फुगल्या, कोपरे उघडले आणि माळवद खाली आले. 'विलगता' हा शब्द वापरायचाच असेल तर त्याची खरी जागा ही आहे. चाळीस किलोमीटर खोलीवर जेथे काहीही विलग नाही तेथे आपण तो पाठ करून घेतो, आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी जी विलगता होती तिचे नाव कुठल्या धड्यात येत नाही.

येथेच शब्दाचा प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही. 'धरणी दुभंगली' म्हणणारा माणूस धोका जमिनीत शोधतो. जमिनीपुढे त्याचे काही चालत नाही, म्हणून तो घाबरतो किंवा नशिबावर सोडून देतो. 'खंड कशाचा?' असे विचारणारा माणूस भिंतीशी येऊन थांबतो, आणि भिंतीचे काहीतरी करता येते. दगडी बांधकामासाठी भूकंपरोधनाचे जे नियम आहेत ते सगळे वस्तुतः सांतत्याचे नियम आहेत. उंचीत दर ६० सेंटिमीटरवर आणि लांबीत फार तर १.२ मीटरवर भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारा आरपार दगड घालावा. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून न तुटता फिरणारा सिमेंट-काँक्रीटचा पट्टा असावा. कोपऱ्यांत दगड एकमेकांत गुंफावेत. पट्टा तीन भिंतींवर घातला आणि चौथीवर पैसे संपले म्हणून सोडला, तर घराच्या तीन चतुर्थांश भागाचे रक्षण होईल, हा हिशेब चुकीचा आहे. सांतत्य एका जागी तुटले की पट्ट्याचा पट्टेपणाच जातो. पट्ट्याच्या बाबतीत 'डिसकंटिन्युइटी' नेमकी ही आहे.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

आणखी एक खंड उरतो, तो नोंदीतला. १९९३ साली भूकंपप्रवण क्षेत्रांच्या अधिकृत नकाशात लातूरचा हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार स्थिर, असे आपण शिकवत आलो होतो. वर्षभर आधी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारीला लहान धक्के जाणवलेही होते. तरी 'येथे मोठा भूकंप होत नाही' या समजुतीला धक्का लागला नाही.

ही समजूत कशावर उभी होती? मोठा भूकंप झाल्याची नोंद नाही यावर. पण अशा जुन्या, संथ प्रदेशांत दोन मोठ्या भूकंपांमधला काळ हजारो वर्षांचा असू शकतो, आणि उपकरणांच्या नोंदी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या. नोंदीत जागा रिकामी होती. आपण तेथे शून्य वाचले. शाळेतल्या पर्जन्यमापकाची वही ज्यांनी ठेवली आहे त्यांना हा फरक माहीत असतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी ० लिहावे. रविवारी कोणी मापच घेतले नाही तर आडवी रेघ ओढावी. रेघेच्या जागी ० लिहिले की महिन्याची बेरीज जुळते, पण खोटी ठरते. पुढे २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच नकाशातून काढून टाकण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. असे धक्के येतात तेव्हा गावोगाव 'जमिनीतून गूढ आवाज' ही बातमी होते. आवाज उथळ हालचालीतून येतो. ही बातमी वाचून जमिनीला कान लावण्यापेक्षा घराच्या कोपऱ्यांकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की पारिभाषिक शब्द ही केवळ खूण असते. 'अ‍ॅटम' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'न तुटणारा' असा आहे. अणू तुटतो हे कळूनही शब्द टिकला आणि कोणाचे बिघडले नाही. हे खरे आहे. परंतु आपल्या मुलांना ग्रीक ऐकू येत नाही. 'विलग' मात्र ऐकू येते. घरातला शब्द परिभाषेत आणला की त्याच्याबरोबर घरचा अर्थही येतो. तो अर्थ मदतीचा असेल तर उत्तम, उलट असेल तर परक्या शब्दापेक्षा अधिक घात करतो. शब्द ठरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. दोन थरांचे गुणधर्म वेगळे आहेत, एवढेच त्यांना सांगायचे असावे. वेगळेपण सांगायला जो शब्द घेतला त्यातून अंतर ध्वनित झाले, एवढीच अडचण.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: पुस्तकात जो शब्द आहे तोच उत्तरपत्रिकेत लिहावा लागतो. तोही मान्य. म्हणून आम्ही शब्द टाकून द्या असे सुचवत नाही. 'खंड' हा शब्द सर्वांत जिवंत, पण भूगोलात 'आशिया खंड' आधीच बसलेला आहे, त्यामुळे गोंधळ होईल. 'सांतत्यभंग' हा शब्द आम्हाला बरा वाटतो. तो थोडा जड आहे, पण 'प्रस्तरभंग' पचवणाऱ्या वर्गाला तो जड जाऊ नये; आणि त्याचा मुख्य गुण असा की तो ऐकताच 'सांतत्य कशाचे?' हा प्रश्न तोंडावर येतो. वेगाचा सांतत्यभंग, काळाचा सांतत्यभंग, स्थानाचा सांतत्यभंग: अशी षष्ठी लावून एकदा शिकवले की परीक्षेत 'विलगता' लिहिली तरी डोक्यातली फट बुजलेली असेल. परिभाषेची समिती शब्द बदलेल तेव्हा बदलेल. षष्ठी लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर सहा वाक्ये लिहावीत: पावसात खंड पडला, वीज खंडित झाली, बिंदुनामावलीतल्या एका जागेची भरती राहिली, नदी उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरली, मोहो येथे वेग वाढला, आलेखात ३ या बिंदूवर उडी आहे. प्रत्येक वाक्यासमोर तीन रकाने: खंड कशाचा, कुठे, केवढा. चौथा रकाना आम्ही मुद्दाम सुचवतो: आणि सलग काय राहिले? या चौथ्या रकान्यात मुले अडखळतात, आणि तेथेच कल्पना स्पष्ट होते. वीज खंडित झाली तेव्हा तारा सलग होत्या का? नदी आटली तेव्हा वाळूखालचे पाणी सलग आहे का?

शेवटचे काम घरी द्यावे. गावात एखादी जुनी पडकी भिंत असतेच. तिच्याजवळ न जाता, सुरक्षित अंतरावरून तिचा तुटलेला छेद पाहावा आणि चित्र काढावे: दगड किती, मधली भर कोठून कोठपर्यंत, आरपार गेलेला एकतरी दगड दिसतो का. मग तेच प्रश्न स्वतःच्या घराला, आणि आपल्या शाळेच्या जुन्या खोल्यांनाही विचारावेत. उत्तरे मुख्याध्यापकांना लेखी द्यावीत आणि ग्रामपंचायतीच्या बांधकामाच्या बैठकीत वाचून दाखवावीत.